कुंकवावरचा राग

न्यू जर्सी म्हटलं की हल्ली आपल्याला डोशाची हॉटेलं, गणपती आणि तिथे स्थायिक झालेले भाचे-पुतणे आठवतात. तिथलं १९८७ साल मात्र कुणी आठवत नाही. नव्या मुलांना तर ते ठाऊकच नसतं, म्हणून हे लिहितो आहे.

हडसन नदीच्या एका काठाला न्यूयॉर्क, दुसऱ्या काठाला जर्सी सिटी. १९६५ साली अमेरिकेने देशवार कोट्याची जुनी पद्धत मोडीत काढली, तेव्हा आपले डॉक्टर-इंजिनिअर गेले आणि त्यांच्यामागून नातेवाईक. जर्सी सिटीत वस्ती वाढली. १९८७ च्या उन्हाळ्यात तिथल्या 'जर्सी जर्नल' दैनिकात एक पत्र छापून आलं. खाली सही 'डॉटबस्टर्स'. 'घोस्टबस्टर्स' हा सिनेमा १९८४ चा, त्यावरून घेतलेलं नाव. आणि डॉट म्हणजे काय, तर आपल्या बायकांच्या कपाळावरचं कुंकू! भारतीयांना शहराबाहेर काढायला आम्ही कोणत्याही थराला जाऊ, टेलिफोनच्या पुस्तकातून पटेल आडनावं शोधू, असा त्यातला मजकूर. कित्येक बायकांनी बाहेर पडताना साडी नेसणं आणि टिकली लावणं सोडलं.

सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये नवरोझ मोदी या तीस वर्षांच्या तरुणाला पोरांच्या टोळक्याने बेदम मारलं. सुरुवात त्याच्या टकलावरून चिडवण्यातून झाली म्हणे. बरोबरच्या गोऱ्या मित्राला कुणी बोट लावलं नाही. नवरोझ चार दिवसांनी गेला. तो पारशी होता, म्हणजे हिंदूसुद्धा नव्हे! त्याच सुमारास जर्सी सिटीत एका भारतीय डॉक्टरला इतकं मारलं की तो कित्येक दिवस बेशुद्ध होता.

परमुलुखात मान खाली घालून राहावं, ही आपली जुनी सवय. या वेळी मात्र लोक रस्त्यावर उतरले, मोर्चे निघाले. तरुण मुलं यात पुढे होती, याचं मला फार कौतुक वाटतं.

पुढे १९९० साली वंशद्वेषातून केलेल्या गुन्ह्यांना जादा शिक्षा देणारा कायदा न्यू जर्सीत झाला. नवरोझच्या खटल्याचा निकाल त्याआधीच, १९८९ साली लागला होता. चौघे दोषी ठरले, पण मारहाणीचे. खुनाचा दोष कुणावरच आला नाही. डॉक्टरच्या प्रकरणातले आरोपी तर १९९३ पर्यंत सुटलेसुद्धा.