पांढऱ्या तळ्याचे गाव : श्रवणबेळगोळचा जलवारसा

श्रवणबेळगोळ हे नाव उच्चारताच प्रत्येक श्रावकाच्या मनःचक्षूंसमोर विंध्यगिरीवरील भगवान बाहुबलींची भव्य मूर्ती उभी राहते. तथापि या तीर्थक्षेत्राला नाव मिळाले ते एका तळ्यावरून. कन्नड भाषेत 'बिळि' म्हणजे पांढरे आणि 'कोळ' म्हणजे तळे. त्यावरून 'बेळगोळ' हा शब्द बनला. शेजारच्या हळेबेळगोळ व कोडीबेळगोळ या गावांपासून वेगळेपण कळावे म्हणून श्रमणांचे, अर्थात जैन मुनींचे बेळगोळ ते श्रवणबेळगोळ झाले. संस्कृत शिलालेखांतही या स्थानाचा उल्लेख 'धवलसरोवर', 'श्वेतसरोवर' असा आढळतो.

मूर्तीपूर्वीचे तळे

गंग राजांचा मंत्री व सेनापती चामुंडराय याने इ.स. ९८१ च्या सुमारास बाहुबलींची मूर्ती घडविली. या महामूर्तीच्या पहिल्या अभिषेकाची आख्यायिका सर्वश्रुत आहे. घागरीमागून घागरी ओतूनही दूध मूर्तीच्या चरणांपर्यंत पोहोचेना, तेव्हा गुळ्ळकायज्जी नावाच्या वृद्धेने फळाच्या करवंटीतून आणलेल्या थोड्याशा दुधाने मूर्ती नखशिखांत न्हाऊन निघाली. ते दूध डोंगर उतरून खाली आले आणि त्याचेच पांढरे तळे झाले, असे भाविक सांगतात.

या कथेतील भक्तीचा व नम्रतेचा बोध चिरंतन आहे. मात्र इतिहासाच्या दृष्टीने पाहता 'वेळगोळ' हे नाव सातव्या-आठव्या शतकांतील शिलालेखांतच येते. म्हणजेच मूर्तीच्या निर्मितीपूर्वी निदान दोनशे वर्षे हे गाव आपल्या तळ्यामुळेच ओळखले जात होते. जेथे पाणी होते तेथे मुनिसंघ थांबले आणि जेथे मुनिसंघ थांबले तेथे तीर्थ झाले, हा क्रम येथे स्पष्ट दिसून येतो.

खडकातील दोणी

श्रवणबेळगोळ हे कर्नाटकातील हासन जिल्ह्यात, दोन टेकड्यांच्या मध्ये वसले आहे. दक्षिणेस विंध्यगिरी, उत्तरेस चंद्रगिरी. दोन्ही टेकड्या अखंड, कठीण ग्रॅनाइटच्या आहेत. अशा उघड्या खडकात पाणी मुरत नाही. पावसाची सर आली की ते वेगाने उतारावरून वाहून सखल भागात येते. खडकावरील खोलगट जागांत जे साठते, त्या नैसर्गिक कुंडांना कन्नडमध्ये 'दोणे' म्हणतात. आपल्या डोंगरी किल्ल्यांवरील टाक्यांची येथे सहज आठवण व्हावी.

चंद्रगिरीवरील 'लक्किदोणे' या कुंडाजवळच्या खडकावर नवव्या-दहाव्या शतकांतील सुमारे तीस छोटे लेख कोरलेले आहेत. त्यांपैकी बहुतेक केवळ यात्रेकरूंची नावे आहेत. त्यांत मुनी आहेत, कवी आहेत, राज्याचे अधिकारीही आहेत. डोंगर चढून आलेला यात्रिक पाण्याजवळ विसावला आणि तेथेच आपले नाव ठेवून गेला. ज्या काळात बाहुबलींची मूर्ती नुकतीच घडत होती किंवा घडलीही नव्हती, त्या काळाची ही साक्ष आहे.

बांधलेली तळी आणि त्यांचे कर्ते

बाराव्या शतकात होयसळ नरेश विष्णुवर्धन याचा जैन सेनापती गंगराज याने बाहुबलींच्या मूर्तीभोवतीचा प्राकार बांधविला. मूर्तीच्या पायाशी असलेल्या सुप्रसिद्ध मराठी शिलालेखात चामुंडरायाबरोबर याच गंगराजाची नोंद आहे, हे मराठी भाषक जैनांना अभिमानास्पद आहे. त्याच घराण्यातील एका श्राविकेचे कार्य मात्र फारसे कोणास ठाऊक नसते. गंगराजाची भावजय जक्किमव्वा ही शुभचंद्र सिद्धांतदेवांची शिष्या होती. तिने गावात एक लहान तळे बांधविले व त्याच्या काठच्या खडकावर जिनप्रतिमा कोरविली. ते तळे आजही 'जक्किकट्टे' या नावाने तिची स्मृती जपते.

पुढे सतराव्या शतकात चेन्नण्ण नावाच्या श्रावकाने विंध्यगिरीवर बस्ती उभारली व पायथ्याच्या परिसरात कुंडही बांधले. त्या कुंडाशी संबंधित लेखात पाण्याचे वर्णन दूध, अमृत आणि गंगा यांच्या उपमांनी केलेले आहे. मंदिर आणि जलाशय ही दोन्ही एकाच पुण्यकार्याची अंगे मानली जात, हे यावरून ध्यानी येते.

गावाच्या मध्यभागी असलेले मुख्य तळे 'कल्याणी' या नावाने प्रसिद्ध आहे. त्याच्या चारी बाजूंस पायऱ्या, सभोवती तटभिंत आणि शिखरयुक्त दरवाजे आहेत. आजचे हे बांधीव रूप म्हैसूरचे राजे चिक्कदेवराज वडियार (कारकीर्द १६७३ ते १७०४) यांच्या काळचे आहे. अनंतकवीच्या गोम्मटेश्वरचरितानुसार राजाच्या टांकसाळीचा प्रमुख अण्णय्या याच्या विनंतीवरून हे काम सुरू झाले. ते पूर्ण होण्यापूर्वीच राजाचे निधन झाले. अण्णय्याने धीर न सोडता पुढे पहिल्या कृष्णराज वडियारांच्या काळात ते तडीस नेले.

पाण्यातील जीवसृष्टी आणि जैन आचार

तळ्याचे पाणी वर्षभर एकसारखे नसते. पावसाळ्यात ते गढूळ होते, हिवाळ्यात निवळते, उन्हाळ्यात पातळी खाली जाऊन शेवाळाने हिरवे दिसू लागते. पाणी कितीही खाली गेले तरी हाताशी यावे, ही पायऱ्यांची खरी उपयुक्तता. सूक्ष्म शैवालावर डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव जगतात, त्यांवर कीटकांच्या अळ्या व लहान मासे, आणि माशांवर खंड्या-बगळे.

इ.स. १६७४ मध्ये हॉलंडमधील लेवेनहूक याने गोड्या पाण्याच्या एका सरोवरातील थेंब भिंगाखाली पाहिला आणि त्यातील सूक्ष्म जीव पाहून तो थक्क झाला. जैन आगमांनी मात्र त्याच्या कितीतरी शतके आधी जलाला अप्काय, म्हणजे स्वतःच सजीव मानले आणि त्यातील त्रस जीवांचे रक्षण हे श्रावकाचे कर्तव्य ठरविले. जाड दुहेरी वस्त्राने पाणी गाळावे, एवढ्यावर हा आचार थांबत नाही. वस्त्रावर राहिलेली जिवाणी ज्या जलाशयातील असेल त्याच जलाशयात हळुवारपणे परत सोडावी, असा दंडक आहे. प्रत्येक जलाशयाचे क्षार व तापमान वेगळे असते, एका पाण्यातील जीव दुसऱ्यात टिकेलच असे नाही, ही आजच्या जलविज्ञानाची जाण या आचाराशी किती जुळते!

याच दृष्टीने एक गोष्ट विचारात घेणे अगत्याचे आहे. फुले, दूध, निर्माल्य अथवा साबणाचे पाणी कोणत्याही बंदिस्त तळ्यात गेले की ते कुजताना पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो, शेवाळ माजते आणि असंख्य जीव गुदमरून मरतात. श्रद्धेने केलेल्या कृतीतून नकळत हिंसा घडते. गाळलेले पाणी पिणाऱ्या समाजाने तळ्याच्या काठावरही तोच विवेक बाळगणे उचित होय.

पाषाणाची मूर्ती सहस्र वर्षे ऊन-पाऊस सोसून उभी राहते. तळ्याला तसे सामर्थ्य नसते. गाळ न काढल्यास, पाण्याच्या वाटा मोकळ्या न ठेवल्यास ते काही दशकांतच भरून जाते. म्हणूनच अण्णय्यासारखा अर्धवट राहिलेले काम पुरे करणारा माणूस प्रत्येक पिढीत लागतो. आपापल्या गावातील बस्तीजवळच्या विहिरी व कुंडे यांची निगा राखणारे हात समाजात निर्माण व्हावेत. जक्किमव्वेच्या जलदानाला तीच खरी आदरांजली ठरेल.