हुकूम कोणाचा?

माघ वद्य चतुर्दशीच्या सुमारास, पळसाची पाने गळून झाडावर नुसती फुलेच उरलेली असतात त्या दिवसांत, गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडाच्या डोंगरावर जी यात्रा भरते तिच्यातून एकवार चालून गेलेल्या मनुष्यास, ईश्वराची आज्ञा पाळणे म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा विचार ग्रंथांवाचूनही करता येतो. पडक्या किल्ल्याच्या डोंगरावर महादेव आहे. त्याच परिसरात ख्वाजा उस्मान हारुनी यांच्या नावाचा दर्गा आहे. आणि बेलाची पाने वाहून खाली उतरलेली बाई त्याच भक्तिभावाने दर्ग्यापाशीही डोक्यावरचा पदर सावरून हात जोडते, तेव्हा तिला त्यात काही विसंगत वाटत नाही. तिच्या हातातला नारळ मात्र नीट पाहावा. तो बहुधा नवसाचा असतो. पोर तापातून उठले, बैल सापडला, सून नांदायला आली. बोलल्याप्रमाणे देवाने केले आणि बोलल्याप्रमाणे बाईने फेडले.

ज्या मुलखात मालगुजार पट्टा देई आणि रयत कबुलायत लिहून देई, त्या मुलखात नवस हीदेखील देवाला लिहून दिलेली एक कबुलायतच आहे, असे मला नेहमी वाटत आले आहे. तीत अप्रामाणिकपणा नाही. किंबहुना दिवाणी कचेरीतल्या कबुलायतींपेक्षा ती अधिक इमानाने पाळली जाते. परंतु तीत देणे-घेणे आधी ठरलेले असते. देवाने काहीही कबूल केलेले नसताना, उलट सर्वस्व जाण्याचीच खात्री असताना जी आज्ञा पाळावी लागते, ती निराळी. आणि ख्रिस्ती धर्मात आज्ञापालन म्हणून ज्याचा उच्चार होतो ते हे दुसरे होय.

प्रतापगडाच्या भोवतालच्या झाडीने हुकूम पुष्कळ पाहिले. गोंड राजांचा अंमल येथे होता. पुढे नागपूरकर भोसल्यांचा आला. तिसऱ्या रघूजीच्या मृत्यूनंतर १८५४ साली ते राज्य कंपनी सरकारने खालसा केले आणि वैनगंगेचे खोरे साहेबाच्या दप्तरात जमा झाले. नवेगावबांधसारखे प्रचंड तलाव ज्यांनी बांधले त्या कोहळी पाटलांना, पाणी कोणाच्या शेतात आधी सोडावे याविषयी जो अधिकार होता, तो त्या त्या गावापुरता राजाच्या अधिकाराहून कमी नव्हता. हुकूम, ताकीद, हुजूर, ताबेदार हे शब्द येथे कोणास शिकवावे लागले नाहीत. मात्र या प्रत्येक हुकुमाच्या पाठीशी सारा वसूल करणारा शिपाई उभा होता, आणि ज्याच्या पाठीशी कोणीच उभे नाही असा हुकूम मानण्याची सवय कोणत्याही मुलखाला सहजासहजी लागत नाही.

ख्रिस्ती शास्त्र मराठीत आणण्याच्या पहिल्या मोठ्या खटपटीशी नागपूर प्रांताचा संबंध आहे, ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाङ्मयेतिहासात एखाद्या ओळीत उरकली जाते. विल्यम केरी याने श्रीरामपूर येथे मराठी शुभवर्तमानाचे काम हाती घेतले, मत्तयाचे पुस्तक १८०५ साली आणि संपूर्ण नवा करार १८११ साली छापून काढला, तेव्हा त्याचा मुख्य मराठी पंडित वैजनाथ शर्मा हा नागपूरकडचा होता. म्हणजे परमेश्वराची आज्ञा मराठीत कोणत्या शब्दांनी सांगावी, याची पहिली चर्चा दूर बंगालात, गंगेच्या काठी, एका वैदर्भीय ब्राह्मणाच्या तोंडून झाली असली पाहिजे. त्या ब्राह्मणाने स्वतः धर्म बदलला नाही. त्याने शब्द दिले. शब्दांचा ताबेदार तो झाला नाही.

पुढे १८४५ साली स्कॉटलंडच्या फ्री चर्चचा स्टीफन हिस्लॉप नागपुरास आला. त्याने शाळा काढली, प्रस्तरखंड आणि जीवाश्म गोळा केले, गोंडांच्या गीतकथा व चालीरीती टिपून ठेवल्या, आणि १८६३ च्या सप्टेंबरात, टाकळघाटाची शिळावर्तुळे पाहून परतताना, बोरीजवळ नदीच्या पुरात तो वाहून गेला. त्याच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात अद्याप आहे. तथापि मला सांगावयाची आहे ती हकिकत शाळा-महाविद्यालयांची नाही; ती एका आगगाडीच्या डब्यातली आहे.

नागपूरहून पूर्वेस राजनांदगावपर्यंत मीटरगेजचा लोहमार्ग १८८२ साली खुला झाला आणि पाच-सहा वर्षांतच तो बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीच्या हाती गेला. वैनगंगा ओलांडून तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी स्थानके घेत, दरेकशाच्या डोंगरातून डोंगरगडाकडे उतरणारा हा मार्ग प्रतापगडाच्या उत्तरेकडून जातो. १८९३ च्या सुमारास या मार्गाने एक तीस-बत्तीस वर्षांचा चित्पावन कवी राजनांदगाव संस्थानात नोकरीच्या आशेने निघाला होता. नारायण वामन टिळक त्याचे नाव. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेला हा गृहस्थ नागपुरात बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामावर होता. एका ठिकाणी फार दिवस टिकणे त्याच्या स्वभावात नव्हते. आणि जातिभेद व मूर्तिपूजा यांस फाटा देणारा एक नवाच धर्म आपण स्वतः काढावा, असे त्याच्या मनात घोळत होते.

डब्यात एक युरोपियन प्रवासी होता. त्याने आदराने वागविले, जागा दिली, आणि बोलणे निघाले ते संस्कृत काव्यावर. नंतर ते धर्माकडे वळले. निरोप घेताना त्या गृहस्थाने नव्या कराराचे एक पुस्तक टिळकांच्या हाती ठेवले, ते वाचण्याचे वचन घेतले, आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते भाकीत अर्थातच हास्यास्पद वाटले. त्या मनुष्याने आपले नाव सांगितले नाही, टिळकांनी विचारले नाही. आणि मराठी वाङ्मयात केवढी उलथापालथ करणारा तो प्रवास तिकिटाच्या किमतीपलीकडे कोणाच्याही हिशेबात न येता संपला.

येथे जरा थांबण्यासारखे आहे. टिळकांनी त्या पुस्तकाची गोडी लागून वाचन सुरू केले नव्हते. प्रथम पाळले ते केवळ एका अनोळखी माणसाला दिलेले वचन. मग येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते अडकले, आणि जे प्रश्न त्यांना वर्षानुवर्षे छळीत होते त्यांची उत्तरे त्या तीन अध्यायांत आपणास मिळाली असे त्यांनी पुढे सांगितले. पटणे आणि पाळणे यांत मात्र योजनांचे अंतर असते. पटल्यानंतरही महिने गेले, पत्रव्यवहार झाले, कुटुंबाचा विचार मनात येऊन पाऊल मागे सरले. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांची मुदत टळली नव्हती.

याची किंमत काय पडली ती कोणा मिशनच्या अहवालात पाहू नये. ती टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात पाहावी. घरात जिवंत मनुष्याचे सुतक आले. पत्नी मुलाला घेऊन माहेरच्या माणसांत राहिली. नवराबायकोचा संसार चार-पाच वर्षे दोन ठिकाणी झाला. आता, ज्या समाजात पतीची आज्ञा हीच स्त्रीची देवाज्ञा मानली जाई, त्या समाजातली ही बाई पती गेला त्या वाटेने डोळे मिटून गेली नाही, हे मला या सर्व हकिकतीतले सर्वांत अर्थपूर्ण स्थळ वाटते. ती अहमदनगरला नवऱ्याकडे परत आली तीही आपले सोवळे आणि आपली चूल वेगळी ठेवून. जातिभेद देवाने केला की माणसांनी, हा एकच प्रश्न तिने आपल्या मनाशी सोडविला. माणसांनी केला असे उत्तर आल्यावर कोणाच्याही हातचे खाण्यास ती सिद्ध झाली, आणि १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. टिळकांनी आग्रह केला असता तर कदाचित ती कधीच ख्रिस्ती झाली नसती. पत्नीवर हुकूम न चालविण्याचा शहाणपणा त्या तापट मनुष्याला कोठून सुचला, कोण जाणे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याच जातीची, किंबहुना अधिक धारदार. १८८३ साली इंग्लंडातील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतल्यावर तेथील भगिनी जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात चर्चच्या अधिकाऱ्यांचे ऐकणे आणि देवाचे ऐकणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांनी इतक्या स्पष्टपणे बजावले की ज्यांनी त्यांना मायेने जवळ केले होते त्यांनाच ते बोचले. पुरोहितांचे जू मानेवरून उतरवून आलेली ही विदुषी दुसऱ्या पुरोहितांपुढे मान तुकविण्यास तयार नव्हती. तिला कोणी उद्धट म्हटले. मला तिची बाजू रास्त वाटते. धर्मसत्तेने तोंड बंद करण्याची ताकीद दिली असता माणसांपेक्षा देवाचे ऐकणे प्राप्त आहे असे जे पहिल्या शिष्यांनी न्यायसभेत सांगितले, त्याच वंशातले रमाबाईंचे ते उत्तर होते.

टिळकांवरही पुन्हा हीच वेळ आली, आणि ती स्वकीयांविरुद्ध नव्हे, मिशनविरुद्ध आली. त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची बावीस वर्षे चाकरी केली. धर्मोपदेशक झाले, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी भागाचे संपादन केले, उपासनेस भजन-कीर्तनाचे देशी वळण दिले. तरी परदेशी द्रव्यावर पोसलेला, परदेशी शिस्तीत वाढलेला ख्रिस्ती समाज आपल्याच देशात पाहुण्यासारखा राहतो, ही खंत त्यांना सोडीना. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यास एक नवी संस्था उभी केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोहोंनाही तीत जागा होती. तिचे नाव ‘देवाचा दरबार’.

हे नाव मला फार दिवस विचारात पाडीत आले आहे. मंडळी, संघ, आश्रम असे कितीतरी शब्द त्या संस्कृतज्ञ कवीच्या हाताशी होते. ते सर्व बाजूला सारून त्याने फारसीतून आलेला, शाहूनगरीच्या मातीत मुरलेला शब्द उचलला. दरबारात मधला अंमलदार नसतो. तेथे फिर्याद थेट हुजुरास पोचते आणि हुकूमही थेट हुजुरातून सुटतो. ज्या मनुष्याने प्रथम ज्ञातीचा, नंतर मिशनचा हुकूम नाकारला त्याने आपल्या ताबेदारीचे ठिकाण या एका शब्दात सांगून टाकले. तो बंडखोर होता असे त्याचे मित्रही म्हणत. परंतु बंडखोराला मालक नको असतो. टिळकांना मालक हवा होता, मधला कारकून तेवढा नको होता.

दरबार स्थापून दोन वर्षेही झाली नाहीत तोच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. त्यांनी १९०९ साली आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य दहा-अकरा अध्यायांवरच थांबले होते. लिहिण्यावाचण्यापुरते अक्षरज्ञान लग्नानंतर नवऱ्याकडून मिळालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे चालविले. असे करण्यास त्यांना कोणी सांगितले नव्हते, आणि त्यातून काही मिळण्याजोगेही नव्हते.

प्रतापगडास जाणारा यात्रेकरू आजही गोंदियास गाडी बदलतो आणि अर्जुनीला उतरून पुढची वाट धरतो. इकडे त्याच डोंगराजवळ, गोठणगावच्या बाजूस, १९७२ सालापासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे; आपल्या धर्मगुरूमागोमाग ज्यांनी घरदार सोडले अशी ती माणसे. त्यांची पताका, दर्ग्याची चादर आणि महादेवाचा बेल एकाच दिवसाच्या फेरीत पाहता येतात, आणि ती फेरी कोणीही करावी. मात्र गोंदिया स्थानकावर गाडी बदलताना, ज्या लोहमार्गाने तो कवी हातात एक अनपेक्षित पुस्तक घेऊन राजनांदगावकडे गेला त्याकडे वाचकाने एकदा नजर टाकावी. तेथे पाटी नाही, स्मारक नाही. ‘ख्रिस्तायना’चे उरलेले चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, आणि १९३६ साली त्या गेल्यानंतर तो ग्रंथ छापून निघाला.