राणीछाप रुपया घासू नका, घाईनं विकूही नका!

वर्धा : लक्ष्मीपूजनाला डब्यातून निघणारे चांदीचे जुने रुपये गावाकडे अजून बऱ्याच घरांत आहेत. पैशाची नड आली की ते सराफाकडे वजनावर जातात. विकण्याआधी एवढं माहीत असू द्या.

चांदी किती?
राणी व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड आणि पाचवा जॉर्ज यांचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा. त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे जवळपास १०.७ ग्रॅम. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात चांदी नाहीच.

जास्त भाव कशाला?
नाणं नुसतं जुनं असून भागत नाही. १८६२ सालाचा राणीछाप रुपया पुढेही अनेक वर्षं त्याच सालानं पाडला गेला, त्यामुळे तो भरपूर सापडतो. १९११ च्या रुपयावर मात्र राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि सरकारनं नाणी परत घेतली. म्हणून संग्राहक तो शोधतात. नाणं जितकं कमी झिजलेलं, तितका भाव जास्त.

सर्टिफिकेट म्हणजे काय?
पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकन कंपन्या नाणं तपासून १ ते ७० पैकी नंबर देतात. ६० च्या वरचं नाणं म्हणजे न वापरलेलं. ते नंबरासह प्लास्टिकच्या डबीत सीलबंद होतं. अशी डबी विकत घेताना नंबर कंपनीच्या वेबसाइटवर तपासा, डबीही नकली असू शकते. राख, चिंच किंवा लिंबू लावून घासलेल्या, कडी जोडलेल्या नाण्याला साधारणपणे असा नंबर मिळत नाही. साध्या झिजलेल्या रुपयासाठी हा खर्चही परवडत नाही.

वावरात सापडलं तर?
१८७८ च्या गुप्तधन कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

‘लाखो मिळवा’पासून सावध
जुनी नाणी घेण्यासाठी रिझर्व्ह बँक कोणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही, हे बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलं आहे. कोणी आधी पैसे किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.