पंचतत्त्वं आणि साडेचारशे चौरस फूट

पूर्वी माणूस आधी घर बांधायचा आणि मग त्यात राहायला जायचा. हल्ली तो आधी राहायला जातो आणि मग कुणीतरी येऊन त्याला सांगतं, की तुमच्या घरात एक तत्त्व कमी पडतंय. जीवनसत्त्व कमी पडलं तर डॉक्टर गोळी देतो. तत्त्व कमी पडलं तर सल्लागार कासव देतो. हे कासव धातूचं असतं. ते पाण्याच्या थाळीत ठेवायचं, म्हणजे घरात पैसा येतो. कासव विकणाऱ्याच्या घरात तो नक्की येतो, एवढं मी इतक्या वर्षांच्या बँकेतल्या नोकरीच्या आधारावर छातीठोकपणे सांगू शकतो.

आमच्या भिवंडीत एखादं शास्त्र शिरणं तसं अवघड आहे. रात्रंदिवस यंत्रमागांचा खटाक-खटाक आवाज चालू असतो, त्यात सल्लागाराचं बोलणं अर्धं ऐकूच येत नाही. तरीही फेंगशुई आमच्या इमारतीत शिरलं, आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने चढून आलं. आज तळमजल्यावर बांबूची जुडी आहे, पहिल्यावर विजेवर चालणारं कारंजं आहे, दुसऱ्यावर दारात टांगलेल्या नळ्या वाऱ्याने किणकिणतात, आणि आमच्या शेजारी ढेरपोट्या हसरा बुद्ध आहे. आमच्याकडे काहीच नाही. त्यामुळे इमारतीत आमच्या कुटुंबाकडे जरा करुणेने पाहिलं जातं.

“अहो, निदान लाल मेणबत्ती तरी आणा,” असं हिचं म्हणणं पडलं. पण मी कॉमर्सचा पदवीधर. खर्च करण्याआधी व्हाउचर बघायची सवय. म्हणून मी या तत्त्वांचं जुनं खातं उघडून पाहायचं ठरवलं.

चिनी लोकांची तत्त्वं पाच: लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. ती नुसती एकमेकांशेजारी बसत नाहीत, त्यांच्यात देवघेव चालते. लाकडातून अग्नी निघतो, अग्नीची राख होऊन माती होते, मातीतून धातू निघतो, धातूतून पाणी, आणि पाण्यावर पुन्हा लाकूड वाढतं. ही झाली जमेची बाजू. नावेची बाजू अशी: झाडाची मुळं माती फोडतात, माती पाणी अडवते, पाणी अग्नी विझवतं, अग्नी धातू वितळवतो आणि धातूची कुऱ्हाड लाकडावर पडते. दोन्ही बाजूंचा ताळमेळ बसला, की घर सुखी. आमच्या बँकेत ताळमेळ बसला, की फक्त घरी जायला मिळतं.

ही मांडणी नीट बसवली ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या त्सौ येन नावाच्या पंडिताने, असं मानतात. पण त्याच्या डोळ्यांसमोर दिवाणखाना नव्हता, राजघराणी होती. प्रत्येक राजवंश एकेका तत्त्वाच्या जोरावर राज्य करतो आणि पुढचं तत्त्व चढलं की पडतो, असा त्याचा सिद्धान्त. इ. स. पूर्व २२१ मध्ये चीन एकछत्री करणाऱ्या छिन सम्राटाने तो मनावर घेतला, पाणी हे तत्त्व पत्करलं आणि त्याचा रंग म्हणून काळा रंग सरकारी केला. सोफ्याच्या कापडाचा रंग तत्त्वावरून निवडणाऱ्या आमच्या इमारतीतल्या बायकांना आपली परंपरा थेट सम्राटाशी भिडते, हे ठाऊक नाही. मी मुद्दामच सांगितलेलं नाही.

फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. या जोडीचा उगम शोधायला गेलो, तेव्हा मात्र मी जरा दचकलो. चौथ्या शतकातल्या क्वो फू या विद्वानाच्या नावावर एक जुना ग्रंथ सांगितला जातो. त्याचं नावच ‘दफनाचा ग्रंथ’. प्राणशक्ती वाऱ्याबरोबर उधळते आणि पाण्यापाशी थांबते, तेव्हा पूर्वजांची कबर कुठे असावी, हा त्याचा विषय! म्हणजे या शास्त्राचा मोठा भाग मेलेल्यांच्या सोयीसाठी जन्मला. धंदा म्हणून ही कल्पना उत्तम होती. गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येण्याची भीती नाही.

हसऱ्या बुद्धाचंही असंच. तो आपला गौतम बुद्ध नव्हेच. दहाव्या शतकाच्या सुमाराला चीनमध्ये होऊन गेलेल्या एका फिरत्या भिक्षूची ती मूर्ती. पाठीवर कापडाची झोळी टाकून हिंडायचा, म्हणून लोक त्याला बुदाई म्हणजे ‘कापडाची पिशवी’ म्हणत. हे कळल्यापासून मला त्याच्याबद्दल जिव्हाळा वाटू लागला आहे. कापडाशी संबंध असलेला माणूस भिवंडीत परका कसा?

खुद्द चीनमध्ये १९४९ नंतर या विद्येला अंधश्रद्धा ठरवून हुसकावलं गेलं. ती तगली हाँगकाँग-तैवानकडे, आणि तगली ती चक्क बँकांच्या आश्रयाने! हाँगकाँगमध्ये १९८५ साली एका बड्या बँकेची पोलादी इमारत उभी राहिली. १९९० साली जवळच बँक ऑफ चायनाचा सत्तर मजली काचेचा मनोरा पुरा झाला. त्याच्या धारदार कडा सुऱ्यासारख्या आपल्यावर रोखलेल्या आहेत असं आजूबाजूच्यांना वाटू लागलं. मग पहिल्या बँकेच्या गच्चीवर दुरुस्तीच्या क्रेन अशा बसल्या, की जणू मनोऱ्यावर रोखलेल्या तोफाच. निदान लोक तरी तसं सांगतात. आमच्या शाखेसमोरही दुसऱ्या एका बँकेची शाखा आहे. पण आमच्या गच्चीवर फक्त पाण्याची टाकी आहे, आणि तीही गळते.

नव्वदीच्या दशकात हे सगळं आपल्याकडे आलं, आणि आल्याआल्या लोक म्हणाले, “त्यात काय नवीन? आपली पंचमहाभूतं हीच!” हीच नव्हेत. आपली पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. त्यांच्याकडे वायू आणि आकाश नाही, आपल्याकडे लाकूड आणि धातू नाही. त्यांच्या ‘वू शिंग’चा अर्थच मुळी ‘पाच चाली’. ती तत्त्वं सतत चालत असतात. आपली भूतं म्हणजे ज्यापासून सृष्टी आणि आपला देह घडला ती सामग्री. साडेचारशे चौरस फुटांत राहणाऱ्याला फरक चटकन कळतो. त्याला लाकूड आणि धातू हप्त्यावर मिळतात. वायू आणि आकाश कुठल्याच हप्त्यावर मिळत नाही.

आपलं स्वतःचं जुनं शास्त्र मात्र पाहण्यासारखं आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत घरबांधणीवर एक सबंध अध्याय आहे. राजाचं सर्वांत मोठं घर १०८ हात रुंद, म्हणजे सुमारे १६० फूट. ज्योतिषी, पुरोहित आणि वैद्य यांना ४० हात. वराहमिहिर स्वतः ज्योतिषी होता, हे इथे लक्षात ठेवावं. पण याच माणसाने जमिनीची परीक्षा सांगितली आहे, ती मला फार आवडते. हातभर खड्डा खणायचा आणि निघालेली माती पुन्हा त्यातच भरायची. माती उरली तर जमीन चांगली, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर वाईट. नाहीतर खड्डा पाण्याने भरायचा, शंभर पावलं जाऊन परत यायचं आणि पाणी किती जिरलं ते बघायचं. यात कासव नाही. फावडं आहे.

हे ग्रंथ पोथ्यांतून बाहेर काढण्यात एका मराठी इंजिनिअरचा मोठा हात आहे: रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे. १९२६ साली पुण्याच्या आनंदाश्रमाने ‘काश्यपशिल्पम्’ छापलं, ते यांनीच संपादलं. शिल्पशास्त्र म्हणजे आपल्या पूर्वजांचं इंजिनिअरिंग, अशा नजरेने त्यांनी या विद्येकडे पाहिलं. आज त्यांचं नाव कुणी घेत नाही. त्यांनी एकही शोभेची वस्तू विकली नाही, त्याचा हा परिणाम असावा.

आता पाचही चिनी तत्त्वं एकाच मराठी घरात पाहायची असतील, तर शनिवारवाडा घ्या. १७३० च्या जानेवारीत पाया घातला, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली, खर्च १६,११० रुपये. जुन्नरच्या जंगलातलं सागवान, चिंचवडच्या खाणींतला दगड, जेजुरीचा चुना, दिल्ली दरवाजावर हत्तीला थोपवणारे लोखंडी खिळे, आणि आत पाण्याचं हजारी कारंजं. लाकूड, माती, धातू, पाणी. राहिला अग्नी. तो २७ फेब्रुवारी १८२८ रोजी आला आणि सात दिवस राहिला. लाकडातून अग्नी आणि अग्नीतून राख, हा नियम पुण्याने उघड्या डोळ्यांनी पाहिला. उरले ते तट, दरवाजे आणि जोती. पण खरं सांगायचं तर त्या घराची दशा फिरली ती दहा वर्षं आधीच, १८१८ साली. त्यात दिशेचा दोष नव्हता.

आमच्या भिवंडीच्या वाट्यालाही ही तत्त्वं आली, पण शोभेसाठी नव्हे. १६५७ च्या ऑक्टोबरात शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि इथल्या खाडीत मराठी गलबतं बांधली जाऊ लागली: लाकूड आणि पाणी. तालुक्यात वज्रेश्वरीजवळ अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथे पाणी आणि अग्नी एकाच टाक्यात गुण्यागोविंदाने नांदतात. पुढे हातमाग आले, मग मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेले यंत्रमाग आले, आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर तर इथले माग जोरात धडधडू लागले. या धंद्याची तत्त्वं मोजा. धोटा लाकडाचा, माग लोखंडाचा, कापूस मातीतला. सायझिंगमध्ये सुताला खळ द्यायला बॉयलरची आग लागते आणि पाणी लागतं. झाली पाच! भिवंडीत ज्याच्या घरी पैसा आला, तो याच पाचांतून आला.

आणि गेलाही इथूनच. सुताचा भाव चढतो, कापडाला उठाव नसतो, माग बंद पडतात. अशाच एका मंदीत एक यंत्रमागवाले गृहस्थ सोनेतारण कर्जासाठी माझ्या काउंटरवर आले. बरोबर बायको. कारण विचारलं तर म्हणाले, “घरदुरुस्ती. स्वयंपाकाचा ओटा उत्तरेला आहे, तो आग्नेयेला न्यायचाय. सल्लागार म्हणाला, पाण्याच्या जागी अग्नी बसलाय, म्हणून धंदा बसलाय.”

बाईंनी हातातल्या पाटल्या काढल्या. निघता निघत नव्हत्या. बँकेच्या सराफाने त्या काट्यावर ठेवल्या. धातूतून पाणी निघतं, हे चिनी सूत्र मला कधी पटलं नव्हतं. त्या दिवशी ते मी काउंटरच्या पलीकडे पाहिलं. बाईंनी पदराने डोळे टिपले आणि मला विचारलं, “भाऊ, किती मिळतील?”

मी आकडा सांगितला.

त्या नवऱ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “एवढ्यात सूत येईल की हो! ओटा काय, उत्तरेला तोंड करूनही भाकरी फुगते.”

गृहस्थ बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मग फॉर्म मागून घेतला, ‘घरदुरुस्ती’ खोडलं, वर ‘व्यवसाय’ लिहिलं आणि खाडाखोडीवर सही केली. मीही ती नियमाप्रमाणे तपासली.

त्यांचा ओटा अजून उत्तरेलाच आहे. आठांपैकी पाच माग चालू आहेत. दर महिन्याला व्याज भरायला त्या बाई स्वतः येतात, रिकाम्या हातांत काचेच्या बांगड्या किणकिणत असतात, आणि पावती नीट वाचून घेतल्याशिवाय त्या जात नाहीत. अजून तीन हप्ते राहिलेत.