ध्वनिमुद्रणातील विलंब आणि बोलीचा पुरावा : एक ऐतिहासिक टिपण

बोलींच्या अभ्यासात ध्वनिमुद्रिकेस आपण आज जे प्रामाण्य देतो, ते एके काळी हस्तलिखितास दिले जात असे. परंतु हस्तलिखित हाती आल्यावर ते कोणी, केव्हा, कोणत्या प्रतीवरून उतरविले याची चौकशी केल्याशिवाय आपण पुढे जात नाही. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मात्र अशी चौकशी करण्याचा प्रघात आपल्याकडे अद्याप पडलेला नाही. यंत्राने जे टिपले ते जसेच्या तसे आहे, असे गृहीत धरून आपण स्वरांची लांबी मोजू लागतो. हे गृहीत कितपत खरे आहे, याचा विचार एका विशिष्ट दोषाच्या संदर्भात प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो दोष म्हणजे विलंब. अर्थात् स्वर उच्चारला जाण्याचा क्षण आणि तो यंत्रातून फिरून कानी पडण्याचा क्षण यांतील अंतर.

या विचारास निमित्त झाले ते आगरदांडा येथील. राजपुरी खाडीच्या उत्तर तीरावर, मुरूड तालुक्यात हे गाव आहे. समोरच्या तीरावर दिघी, आणि खाडीच्या मुखाशी जंजिरा. तेथील एका घरी दोघी स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या प्रस्तुत लेखकाने मुद्रित केल्या. जाते आता कोपऱ्यात पडून असले तरी ओवी म्हणण्याची रीत जात्याचीच आहे : समोरासमोर बसावे, एकीने चरण उचलावा, दुसरीने तो संपता संपता हाती घ्यावा. पहिल्या दिवशी दुसरी बाई तरीने दिघीस गेली होती. म्हणून थोरलीचे गाणे आधी मुद्रित केले आणि दुसऱ्या दिवशी ते हेडफोनवर ऐकवून धाकटीचे गाणे त्यावर चढविले. दोन्ही आवाज घरगुती संगणकावर, सामान्य ध्वनिमुद्रणाच्या प्रणालीत घेतले होते. परत आल्यावर ऐकताना असे आढळले की, धाकटी चरणाच्या अंती स्वर लांबविते आणि थोरली तसे करीत नाही. दोन पिढ्यांतील हा भेद आहे असे समजून त्यावर एक टिपणही लिहून ठेवले. ते टिपण चूक होते. चूक कोठे झाली हे समजून घेण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

१

ध्वनिमुद्रणाच्या प्रारंभकाळी हा प्रश्न उद्भवण्यासारखाच नव्हता. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आला, तेव्हा गायकाने कर्ण्यासमोर उभे राहून गावयाचे आणि सुईने ते मेणावर कोरावयाचे, एवढाच व्यवहार होता. गाणाऱ्यास स्वतःचा आवाज यंत्रातून ऐकू येत नसे. त्यामुळे तो उशिरा येण्याचाही संभव नसे. ग्रियर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. सर्वेक्षणाने बोलींच्या नमुन्यासाठी उधळ्या पुत्राचा दृष्टान्त घेतला होता, आणि पुढे अनेक भाषांतील ग्रामोफोन मुद्रिकाही त्याच उपक्रमातून निघाल्या. त्या मुद्रिकांत अन्य दोष पुष्कळ आहेत : आवाज चेपलेला आहे, कालमर्यादेमुळे वाचन घाईचे झाले आहे, तयार पाठ वाचल्याने संभाषणाची लय हरपली आहे. परंतु बोलणाऱ्याच्या कानात त्याचाच आवाज मागाहून घालण्याचा दोष त्यांत नाही.

तो दोष आला चुंबकीय फितीबरोबर. १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात आएगे कंपनीने मॅग्नेटोफोन मांडला. १९४८ पासून अमेरिकेत अँपेक्सची यंत्रे आली. या यंत्रांत मुद्रण करणारे टोक आणि ऐकविणारे टोक निरनिराळे असे. दोहोंमध्ये दोन इंच अंतर आहे आणि फीत सेकंदास साडेसात इंच या वेगाने धावते आहे असे धरले, तर मुद्रित झालेला शब्द सुमारे २६७ मिलिसेकंदांनी, म्हणजे पाव सेकंदाहून थोड्या अधिक उशिराने ऐकू येईल. वेग दुप्पट केला तर हा काल निम्मा होईल.

बर्नार्ड ली या अभियंत्याने याच गोष्टीचा भाषेवरील परिणाम १९५० साली अमेरिकेतील ध्वनिविज्ञान परिषदेच्या नियतकालिकात प्रथम नोंदविला. स्वतःचे बोलणे काही अंशी उशिरा कानी पडले, तर निर्दोष बोलणारा माणूसही अडखळतो, अक्षरांची पुनरुक्ती करतो, स्वर लांबवितो आणि आवाज चढवितो. हा परिणाम विलंब सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास असता सर्वांत तीव्र होतो, असे पुढील प्रयोगांवरून दिसून आले. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने हा शोध महत्त्वाचा होय. उच्चार हा केवळ मुखाचा व्यापार नसून कान त्याचे क्षणोक्षणी नियमन करीत असतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

संगीतकारांनी याच अडचणीवर व्यावहारिक तोड काढली. एका आवाजावर दुसरा चढविताना पहिला आवाज ऐकविणाऱ्या टोकातून घेतला, तर नवा आवाज फितीवर मागे पडतो. म्हणून मुद्रण करणाऱ्या टोकाकडूनच जुना आवाज वाचून घ्यावा, अशी योजना अँपेक्सने १९५५ च्या सुमारास केली. तीवर आधारलेले आठ पट्ट्यांचे यंत्र लेस पॉल यास १९५७ साली मिळाले. ऐकू येणारा आवाज काहीसा मंद असे, पण वेळेवर येई. गुणापेक्षा वेळ महत्त्वाची, हा निवाडा त्या काळीच झाला होता.

२

संगणकाने हा निष्पन्न झालेला प्रश्न पुन्हा उभा केला, आणि त्याचे कारण अगदी निराळे आहे. संगणक आवाजाचे सेकंदास ४४,१०० नमुने घेतो. मात्र ते एकेक करून हाताळीत नाही, त्यांचे गठ्ठे बांधतो. हा गठ्ठा जेथे साठतो त्यास बफर म्हणतात. आगरदांडा-दिघी फेरीचा दृष्टान्त येथे लागू पडतो. मोठी फेरीबोट भरेपर्यंत थांबते. पहिला चढलेला उतारू खोळंबतो, परंतु फेऱ्या थोड्या असल्यामुळे खलाशाची धांदल होत नाही. लहान होडी चटकन सुटते. पण तिच्या फेऱ्या अनेक, आणि खलाशास मध्येच कोणी दुसऱ्या कामास हाक मारली की धक्क्यावरची रांग तुटते. संगणकात अशी रांग तुटली म्हणजे आवाजात कडकड ऐकू येते. १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा २३ मिलिसेकंदांचा, २५६ चा ५.८ मिलिसेकंदांचा आणि ६४ चा सुमारे दीड मिलिसेकंदाचा होतो. आवाज आत येताना एकदा व बाहेर जाताना एकदा, असा हा काल दोनदा मोजावा लागतो. रूपांतर करणाऱ्या यंत्रभागाचा काल त्यात आणखी मिळतो.

तेव्हा प्रश्न संगणकाच्या वेगाचा नसून त्याच्या वक्तशीरपणाचा आहे. घरगुती संगणकाची कार्यप्रणाली टंकलेखन, चित्रे, जालाची जोडणी अशी अनेक कामे आळीपाळीने करण्यासाठी रचलेली असते. ठरलेल्या क्षणी ठरलेले काम होईलच अशी हमी देणे हा तिचा मूळ हेतू नव्हे. विंडोजमध्ये सर्व आवाज एकत्र करणारा जो थर मध्ये असे, तोच बराच विलंब घाली. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९७ साली आसियो ही पद्धती आणून तो थर वगळला आणि ध्वनियंत्राशी थेट व्यवहार सुरू केला. अॅपलने २००१ च्या सुमारास आपल्या नव्या प्रणालीत कोअर ऑडिओ अंतर्भूत केले. लिनक्सच्या क्षेत्रात पॉल डेव्हिस यांनी जॅक ही योजना सिद्ध केली. आणि कालबद्धतेची हमी देणारे जे फेरफार त्या प्रणालीबाहेर वर्षानुवर्षे वाढत होते, ते २०२४ साली मूळ गाभ्यात पूर्णतः समाविष्ट झाले. वक्तशीरपणा ही पुरवणी न राहता प्रणालीचे अंग व्हावे, यासाठी इतका काल लागला.

३

किती विलंब सह्य मानावा? हवेत ध्वनी सेकंदास सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे एक मीटर अंतरास तीन मिलिसेकंदांस किंचित कमी काल लागतो. जात्याच्या दोन बाजूंस बसलेल्या स्त्रियांमध्ये एवढेच अंतर असते. ख्रिस चेफ व मायकेल गुरेविच यांनी २००४ साली स्टॅनफर्ड येथे दोन व्यक्तींस वेगवेगळ्या खोल्यांत बसवून एकत्र टाळ्या वाजविण्यास सांगितले. विलंब अकरा-बारा मिलिसेकंदांहून वाढला की लय मंदावू लागे; त्याहून फार कमी असता ती उलट चढे.

आता आगरदांड्याच्या मुद्रणाकडे वळू. त्या वेळी बफर २,०४८ नमुन्यांचा होता. जाण्यायेण्याचा मिळून विलंब शंभर मिलिसेकंदांच्या घरात जात होता, आणि धाकटीस स्वतःचा आवाज संगणकातून फिरून एवढ्या उशिराने हेडफोनवर ऐकू येत होता. जात्याच्या हिशेबाने पाहता तिचा स्वतःचाच आवाज पस्तीस मीटरांवरून, खळ्यापलीकडून कोणी साद घालावी तसा येत होता. ती चरणान्ती स्वर लांबवीत होती, याचे कारण पिढी नव्हे. ती आपल्या आवाजाची वाट पाहत होती. पुढच्या खेपेस ध्वनियंत्रातून थेट ऐकण्याची सोय वापरली व तिचा आवाज संगणकाकडून परत आणला नाही, तेव्हा तीच ओवी तिने थोरलीच्याच मापाने म्हटली. पिढीभेदाचे टिपण रद्द करावे लागले.

येथे दोन दोषांत भेद करणे अवश्य आहे. पहिला केवळ जुळणीचा : नवा आवाज पट्टीवर ठरावीक अंशाने मागे बसतो. प्रणाली ही चूक आपण होऊन सुधारते. पण ध्वनियंत्राने आपला विलंब चुकीचा कळविला, तर सुधारणाही चुकते. हा लेखकूच्या हस्तदोषासारखा आहे; त्याचे माप कळले की पाठ दुरुस्त होतो. दुसरा दोष गाणाऱ्याने विलंबाशी जुळवून घेतल्यामुळे येतो. तो निरूपणकाराने स्वतःच पाठ बदलण्यासारखा आहे. मूळ पाठ कधी उच्चारलाच गेला नाही, म्हणून तो परत मिळविता येत नाही.

या दोषाची व्याप्तीही सर्वत्र सारखी नाही. उत्तर कोंकणच्या बोलींत ‘ण’ च्या जागी ‘न’ व ‘ळ’ च्या जागी ‘ल’ ऐकू येतो. असे भेद उच्चारस्थानाचे असल्याने विलंबाने ते सहसा बिघडत नाहीत. स्वरांची लांबी, विराम, दोन वक्त्यांच्या बोलण्यातील संधिकाल आणि लय यांविषयीचे अनुमान मात्र धोक्यात येते. गी पॉइटव्हँ व हेमा राईरकर यांनी आरंभिलेल्या आणि बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची जोड दिलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या संगृहीत आहेत. त्यांतील समक्ष, एकाच बैठकीत घेतलेल्या मुद्रणांचे मोल या दृष्टीने विशेष मानले पाहिजे.

यावरून निघणारा व्यवहार अगदी साधा आहे. शक्य तेथे दोघांस एकत्र बसवून गाऊ द्यावे. आवाजावर आवाज चढविणे अपरिहार्य असेल, तर गाणाऱ्यास स्वतःचा आवाज थेट ऐकवावा. ते न जमल्यास मुद्रणकाळी बफर कडकड न होईल इतका लहान ठेवावा, जालाची जोडणी व वीज वाचविण्याची योजना बंद करावी, आणि बफर मोठा करावयाचा तो नंतरच्या संस्कारांसाठी. हेडफोन मायक्रोफोनजवळ धरून एक टिचकीचा आवाज वाजवून परत मुद्रित केला, तर प्रत्यक्ष विलंब मोजता येतो. हे माप, बफर, नमुन्यांची गती आणि गाणाऱ्याने काय ऐकले, या चार गोष्टी प्रत्येक मुद्रिकेच्या नोंदीत असाव्यात. हस्तलिखिताच्या पुष्पिकेस जे स्थान, तेच या चार ओळींस द्यावयास हवे. त्यांच्या अभावी, अर्ध्या शतकानंतर आपली मुद्रणे ऐकणारा अभ्यासक यंत्राची सवय आगरदांड्याच्या बोलीच्या नावावर मांडील, आणि त्याला खोडून काढण्यास ती ओवी म्हणणारी कोणी उरली नसेल.