डीएनए चाचणीने वंशावळ सापडते का? : हिंगोली ते अलिबाग, एका प्रश्नाचा प्रवास



सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं. आपल्या हिंगोलीतही रेकॉर्ड रूममधले मोडी आणि उर्दू कागद बाहेर निघाले. खासरा पत्रक, जन्म-मृत्यूची नोंदवही, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा हे शब्द घराघरात पोहोचले. तेव्हापासून विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला गावाकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो : "एवढे कागद कशाला धुंडाळायचे? डीएनए टेस्ट केली की कळेलच ना आपण कोण ते!"

प्रश्न साधा वाटतो. पण तुम्ही पेट परीक्षेची किंवा सिनॉप्सिसची तयारी करत असाल तर याच प्रश्नावर थोडा वेळ घालवा. संशोधनात अर्धं काम प्रश्न नीट मांडण्याचं असतं, आणि इथे एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न मिसळले आहेत. "माझं कोणाशी रक्ताचं नातं आहे?" हा पहिला. "मी कोण आहे?" हा दुसरा. डीएनए पहिल्याचं उत्तर देऊ शकतो, दुसऱ्याचं नाही.

आधी पहिला प्रश्न घेऊ. वाय गुणसूत्र वडिलांकडून मुलाकडे जातं, म्हणजे आपल्या भाषेत ते भावकीबरोबर चालतं. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आईकडून सगळ्या मुलांना मिळतो, पण पुढे फक्त मुलीच तो देतात. उरलेला डीएनए दोघांकडून निम्मा-निम्मा येतो आणि दर पिढीला त्याची सरमिसळ होते. दहा पिढ्या मागे गेलात तर तुमच्या पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. वाय गुणसूत्र त्यातल्या एकाच पुरुषाबद्दल बोलतं आणि मायटोकॉन्ड्रिया एकाच बाईबद्दल. बाकीच्या १०२२ जागांबद्दल दोन्ही गप्प!

आता समजा, गावातल्या एकाच आडनावाच्या दोन घराण्यांचा मूळ पुरुष एकच होता का, हे तुम्हाला तपासायचं आहे. दोन्हीकडच्या पुरुषांचं वाय गुणसूत्र जुळलं तर पितृवंशात कुठेतरी समान पूर्वज आहे, एवढं नक्की. तो चार पिढ्या मागचा की चौदा, हे मात्र अंदाजानेच सांगता येतं. आणि नाही जुळलं तर? इथे इतिहास माहीत असावा लागतो. पाटील-देशमुखांच्या वतनदार घराण्यांत वारस नसेल तर दत्तक घ्यायची रीत होती. दत्तक मुलगा कायद्याने आणि रूढीने त्या घराचा पूर्ण वारस. कागदावर वंशावळ अखंड असते, वाय गुणसूत्र मात्र तिथे बदलतं. शिवाय दत्तक भावकीतूनच घेतला असेल तर गुणसूत्र तेच राहतं आणि दत्तकविधान झालं होतं हे चाचणीला कळतच नाही. म्हणून गुणसूत्र जुळलं नाही की लगेच "वंशावळ खोटी" असा निष्कर्ष काढू नका.

दुसरी अडचण आपल्या लग्नपद्धतीची. दोन चुलत-चुलत भाऊ घ्या, म्हणजे ज्यांचे आजोबा सख्खे भाऊ होते. त्यांच्यात सरासरी ३.१ टक्के डीएनए समान असतो. पण तेच दोघं आईकडूनही तितक्याच जवळचे असतील तर आकडा ६.२५ टक्क्यांवर जातो. आता हा आकडा वडिलांच्या सख्ख्या चुलत भावाशी असलेल्या नात्याइतका दिसतो. मामाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या आणि पिढ्यान् पिढ्या ठरावीक घरांतच सोयरीक जुळवणाऱ्या समाजात असे दुहेरी धागे नेहमीचे. २०१७ मध्ये 'नेचर जेनेटिक्स'मध्ये दक्षिण आशियातल्या २६३ समूहांचा अभ्यास आला. त्यातल्या ८१ समूहांत मूळच्या थोड्या पूर्वजांचा ठसा फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक निघाला. तेव्हा परदेशी कंपनीचा अहवाल "जवळचा नातेवाईक" म्हणाला, तर आधी दोन्ही बाजूंची सोयरीक लिहून काढा.

आता दुसरा प्रश्न : "मी कोण?" यासाठी आपल्याच राज्यातलं एक उदाहरण पाहू. हिंगोलीहून थेट कोकणात जायचं, अलिबागजवळच्या नवगावला.

बेने इस्रायली हा मराठी बोलणारा ज्यू समाज. पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी गावांवरून पडलेली आडनावं. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची परंपरा सांगते की नवगावजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, आणि त्यांच्यापासून हा समाज वाढला. स्वातंत्र्यानंतर यातले हजारो लोक इस्रायलला गेले. तिथे त्यांना विचारलं गेलं, "तुम्ही खरंच ज्यू आहात का?" १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने सांगितलं की बेने इस्रायली व्यक्तीचं इतर ज्यूंशी लग्न लावण्याआधी तिच्या आईकडच्या पिढ्या जमेल तितक्या मागे तपासाव्यात. समाजाने याविरुद्ध मोठं आंदोलन केलं. अखेर १९६४ मध्ये इस्रायलच्या सरकारने आणि संसदेने हा समाज सर्व बाबतींत ज्यू असल्याचं स्पष्ट केलं.

डीएनएचा सविस्तर अभ्यास आला त्यानंतर ५२ वर्षांनी. २०१६ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये वाल्डमन आणि सहकाऱ्यांनी १८ बेने इस्रायली व्यक्तींच्या जनुकीय माहितीची तुलना इतर ४१ ज्यू, भारतीय आणि पाकिस्तानी समूहांतल्या ४८६ जणांशी केली. निष्कर्ष असा : या समाजात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, दोघांचाही वाटा मोठा आहे. मिश्रण साधारण १९ ते ३३ पिढ्यांपूर्वी झालं. ज्यू वाटा पुरुषांकडून जास्त आला, स्थानिक वाटा बायकांकडून.

हे वाचताना दोन गोष्टी वहीत टिपून ठेवा. एक, १९ ते ३३ पिढ्या ही मिश्रणाची तारीख आहे, जहाज किनाऱ्याला लागल्याची नाही. लोक आधी येऊन बराच काळ वेगळे राहिले असतील तर डीएनएमधलं हे घड्याळ तेव्हा सुरूच होत नाही. म्हणजे या अभ्यासाने जहाजाची कथा खरीही ठरत नाही आणि खोटीही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. धर्मपीठाने १९६२ मध्ये तपासायला सांगितलं होतं ते आईकडचं घराणं, आणि डीएनएमध्ये स्थानिक वाटा जास्त दिसतो तो नेमका बायकांकडूनच. ही चाचणी तेव्हा उपलब्ध असती आणि तिलाच अंतिम पुरावा मानलं असतं, तर शतकानुशतकं शब्बाथ पाळणाऱ्या, सुंता करणाऱ्या माणसांना "तुम्ही आमचे नाही" असं ऐकावं लागलं असतं. चाचणी बरोबर आणि न्याय चुकीचा! कारण एखादी बाई लग्न करून त्या समाजात आली, तिथल्या रीती पाळल्या, मुलं त्याच धर्मात वाढवली, ही गोष्ट गुणसूत्रावर उमटत नाही.

आता परत हिंगोलीला या. 'कुणबी' ही एखाद्या कारकुनाने किंवा शिक्षकाने नोंदवहीत लिहिलेली ओळख आहे. ती शेती, व्यवसाय, सोयरीक आणि सरकारी मोजणी यांतून तयार झाली. असा शब्द कोणत्याही जनुकात सापडत नाही आणि कोणतीही प्रयोगशाळा तो शोधून देऊ शकत नाही. डीएनए फार तर सांगेल की हा माणूस त्या माणसाचा नातेवाईक आहे. त्या माणसाला समाजाने आणि सरकारने काय म्हटलं, हे कागदच सांगणार. म्हणून मोडी आणि उर्दू वाचता येणारा माणूस आज आपल्या जिल्ह्यात सिक्वेन्सिंग मशीनइतकाच मोलाचा आहे.

आणखी एक सावधगिरी. तुमचा डीएनए एकट्या तुमचा नसतो, त्यात भावाचा, आत्याचा, तुमच्या मुलांचाही वाटा असतो. 'ट्वेंटीथ्री अँड मी' कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरीला गेली आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पासवर्ड बदलता येतो, जनुकं नाही. शिवाय चाचणीतून एखादं झाकलेलं दत्तकविधान बाहेर आलं, तर ते कळण्याची तयारी घरातल्या प्रत्येकाची असेलच असं नाही. नमुना देण्याआधी घरच्यांना विचारा.

विषय निवडताना एवढं करून बघा. कागदाच्या मध्ये उभी रेघ ओढा. डावीकडे "कोणाचं कोणाशी नातं" असे प्रश्न, उजवीकडे "कोणाला काय म्हटलं गेलं, कधी आणि का" असे प्रश्न. डावीकडच्यांसाठी प्रयोगशाळा, उजवीकडच्यांसाठी रेकॉर्ड रूम. आणि दोन्हींसाठी लागणारी एक गोष्ट तुमच्या घरातच आहे : ऐंशी वर्षांची आजी. तिच्या माहेरची, तिच्या आईच्या माहेरची गावं आणि नावं या आठवड्यातच लिहून घ्या. वंशावळीच्या बहुतेक तक्त्यांत बायकांची नावं नसतात. ती फक्त तिला ठाऊक आहेत.