हिरमिजी आणि किरमिजी : एका ठकीच्या लाल रंगाचा इतिहास

दरवर्षी गौरी-गणपतीच्या आराशीचे सामान माळ्यावरून खाली आले की, आमच्या घरी एक पुडके सर्वांत शेवटी उघडले जाते. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली, वीतभर उंचीची लाकडी ठकी त्यात असते. हात पोटाशी, डोळे टपोरे, पाठ सपाट, आणि अंगभर गडद लाल रंगावर पिवळ्या रेघा. ही ठकी माझ्या आजीच्या माहेरची, म्हणजे सावंतवाडीची. वडील नोकरीसाठी भिलाईला आले तेव्हा ट्रंकेतून तीही आली.

काही वर्षांपूर्वी उत्सवाच्या आदल्या दिवशी तिला लखलखीत करावे म्हणून मी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून तिचे तोंड पुसले. बोळा लालभडक झाला आणि ठकीच्या गालावर लाकूड दिसू लागले. घाबरून मी फाटकाला लावून उरलेला ऑइलपेंट तिला पुढून फासला. आईने ठकी हातात घेतली, उलटी करून तिची पाठ पाहिली आणि काही न बोलता जागेवर ठेवली. पाठ तेवढी जुनी राहिली होती. त्या दिवसापासून हा रंग नेमका कशाचा असतो, याचा मी शोध घेऊ लागलो. जे हाती लागले ते आपल्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो.

सावंतवाडी हे सावंत-भोसल्यांचे संस्थान. तेथे 1755 ते 1803 या काळात राज्य करणारे तिसरे खेम सावंत विद्या आणि कलांचे चाहते होते. त्यांच्या आश्रयाने चितारी कारागिरांची कला बहरली असे मानले जाते. सावंतवाडीतील चितार आळी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या चिताऱ्यांनी राजवाड्यासाठी गंजिफा रंगवल्या. दशावतारी गंजिफाच्या एका जोडात 120 गोल पाने, प्रत्येक अवताराची 12. त्याच हातांनी मुलांसाठी लाकडाचे छोटे जग उभे केले: बैलगाडी, पाळणा, भातुकली, पाट, चौरंग, आंबा, केळी, सीताफळ आणि ठकी. कोकणच्या लेकी सासरी निघाल्या की हे जग त्यांच्याबरोबर दूरदूर गेले.

यातील कृती साधी, पण वेळखाऊ. पांगाऱ्यासारखे हलके लाकूड चांगले वाळवायचे. कोरून, घासून आकार द्यायचा. लाकडाची छिद्रे बुजावीत म्हणून चिंचोक्याची खळ आणि पांढरी माती यांचे अस्तर द्यायचे. त्यावर रंग, रंगावर बारीक रेघा, आणि शेवटी लाखेचा हात. या लाखेमुळेच रंगाला चकाकी येते आणि पाण्याचा थेंब आत शिरत नाही. लाख मुळात मधासारख्या पिवळसर तांबूस रंगाची असते आणि जुनी होईल तशी आणखी गडद होते. म्हणून नव्या बाहुलीचा लाल रंग डोळ्यांत भरतो, तर आजीच्या बाहुलीचा लाल खोल वाटतो. मात्र लाख स्पिरिटमध्ये विरघळते! माझ्या बोळ्याने ठकीची मळकट धूळ नव्हे, तर तिचे वरचे कवचच काढून नेले होते.

आता मराठीतले दोन शब्द पाहा. गडद लाल रंगाला आपण हिरमिजी म्हणतो, तसेच किरमिजीही म्हणतो. ऐकायला जुळे वाटले तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. हिरमिजी ही लाल माती. इराणच्या आखातातील होर्मुझ बंदरावरून तिचे नाव पडले. किरमिजी हा किड्यापासून मिळणारा रंग. फारसीतून आलेल्या या शब्दाचे नाते आपल्या ‘कृमी’शी सांगतात. म्हणजे एक लाल जमिनीतला आणि एक लाल झाडावरच्या किड्याचा.

इथे आपल्या छत्तीसगडची गोष्ट सुरू होते. हिरमिजी काय, तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू काय, लाली देणारे द्रव्य एकच, ते म्हणजे लोहाचे ऑक्साइड. दल्ली-राजहराचा खनिज दगड करडा दिसला तरी कुटल्यावर लालच निघतो, हे खाणीवर गेलेल्या आपल्या सहकाऱ्यांना सांगायला नको; त्यांच्या बुटांना आणि कपड्यांना ते ठाऊक आहे. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, तिला हाच दगड लागला. प्लँटमध्ये लोखंडाला गंजू नये म्हणून आपण जो रेड ऑक्साइडचा हात देतो, तो ठकीच्या लाल मातीचा सख्खा भाऊ.

दुसरा लाल कांकेर, कोरबा भागातील जंगलांतला. कुसुम, पळस आणि बोरीच्या फांद्यांवर लाखेचा किडा वाढतो. फांदीवरून खरवडलेली लाख धुतली की पाणी लाल होते. पायाला लावायचा अळिता पूर्वी याच रंगाचा असे. धुतलेली लाख वितळवून पातळ पापुद्रे काढतात, तो चपडा. महाभारतातल्या लाक्षागृहापासून बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्यांपर्यंत या लाखेने प्रवास केला. एकोणिसाव्या शतकात रासायनिक रंग आले आणि लाखेच्या रंगाची मागणी संपली. चपडा मात्र टिकला. 1924 साली रांचीजवळ नामकुम येथे लाख संशोधन संस्था निघाली, यावरून त्याचे महत्त्व कळते.

सावंतवाडीच्या चिताऱ्यांवरही तसाच काळ आला. छापील पत्ते स्वस्त, पुढे प्लॅस्टिकची खेळणी त्याहून स्वस्त. गंजिफा जाणणारे पुंडलिक चितारी यांच्यासारखे वृद्ध कारागीर तेवढे उरले. तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी त्यांच्याकडून ही कला स्वतः शिकून घेतली आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला राजवाड्यातच कारागिरांना बसायला जागा दिली. राजाने कारागिराचा शिष्य व्हावे, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. राणीसाहेब 2018 साली गेल्या. पुढे 2024 मध्ये सावंतवाडीच्या गंजिफा आणि लाकडी खेळणी यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असे एखादे पुडके असेल. त्यातील वस्तू स्पिरिटने वा ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ, कोरडे सुती कापड पुरे. आणि चुकूनही ऑइलपेंट लावू नका. मुलांना रंगवायची हौस असेल तर नवे लाकूड द्या, गेरू द्या, वर चपड्याचा पातळ हात कसा द्यायचा ते दाखवा. दोन्ही लाल आपल्या अंगणातच आहेत.

आमची ठकी यंदाही गौरीपुढे बसेल. तिचे तोंड मी बिघडवले, ते तसेच राहील. मात्र यंदा तिच्यामागे एक लहानसा आरसा ठेवणार आहोत, म्हणजे दर्शनाला येणाऱ्यांना तिची पाठही दिसेल. अवश्य या.

गणपती बाप्पा मोरया!